सी ड्राइव्हची तुकडेजोड

आमच्या घरातला कॉम्प्युटर बिघडला नव्हता, हे मी सुरुवातीलाच नमूद करतो. तो सावकाश चालत होता. मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली आहे, त्यामुळे बिघडणं आणि सावकाश चालणं यातला फरक मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

माझी पत्नी रोहिणी सकाळी त्याचं बटण दाबून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायची. ती परत येईपर्यंत पडद्यावर हिरवं माळरान आणि निळं आभाळ आलेलं असायचं. मग ती यादीवर क्लिक करून कुकर लावायची. तिसऱ्या शिट्टीला यादी उघडायची. हे असं दोन-तीन वर्षं चाललं होतं आणि त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

यादी म्हणजे समाजाच्या वधू-वर मेळाव्याची. मेळावा दरवर्षी हातकणंगल्याला भरतो आणि त्याचं परिचयपुस्तक अकरा वर्षं रोहिणी तयार करते. यंदा दोनशे चौदा स्थळं होती. फॉर्म भरून घ्यायची पद्धत तिनं कधी ठेवली नाही. फॉर्ममध्ये लोक खोटं लिहितात, असं तिचं म्हणणं. ती घरी जाते, चहा घेते, आई-बापांशी बोलते आणि परत येऊन थेट कॉम्प्युटरवर टाइप करते. मुलगा अनेकांत पुण्याला नोकरीला आहे. त्यानं आईला नवा लॅपटॉप घेऊन दिलेला आहे, पण त्यावर ही यादी उघडली की नुसतं गिचमिड दिसतं. असं का होतं ते मला माहीत नव्हतं, आणि विचारणं माझ्या स्वभावात नाही.

मेळाव्याला अकरा दिवस उरले असताना, बुधवारी, चार शिट्ट्या झाल्या तरी यादी उघडली नाही. डाळीचा लगदा झाला.

"अहो," रोहिणी म्हणाली, "पुढच्या बुधवारी यादी प्रेसला द्यायची आहे. तोपर्यंत हा डबा चालता ठेवा. एवढंच करा."

या वाक्यातला शेवटचा भाग मी नीट ऐकायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी शाहूपुरीतल्या पिराजीकडे गेलो. पिराजी पन्नाशीचा माणूस. आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, मशीनला काय झालं न्हाय. त्याचं तुकडं झाल्यात. एक फाइल असती, पण एका जागी बसत न्हाय. जरा हितं, जरा तितं. मशीन बिचारं तुकडं गोळा करत हिंडतंय. त्याला डिफ्रॅग करा. सगळं तुकडं एका जागी येत्यात."

मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. हे तर एकत्रीकरण झालं. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा. एकाच शेतकऱ्याची पाच ठिकाणी विखुरलेली जमीन एका गटात आणायची, हे ज्या खात्यात मी हयात काढली त्याचं मूळ काम. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला कॉम्प्युटरमधलं असं काही सांगत होतं ज्यात मी त्याच्यापेक्षा वरिष्ठ होतो.

"पंधरा टक्के जागा मोकळी लागती," पिराजी म्हणाला. "तुमच्याकडं नऊ असंल. नको त्या फायली काढा. कळंना झालं तर हात लावू नका, मला फोन करा."

मी त्याचा फोन नंबर घेतला नाही. चौतीस वर्षांच्या अनुभवाला ते शोभलं नसतं.

एकत्रीकरण करायचं तर आधी नोटीस काढावी लागते. त्या कॉम्प्युटरवर तीन जणांचं सामान होतं: रोहिणीचं, अनेकांतचं आणि वरच्या मजल्यावरच्या हंबीररावांचं. हंबीरराव साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पन्हाळ्याच्या सहलीचे एकशे दहा फोटो त्यांच्या फोनमध्ये मावेनात म्हणून आमच्याकडे ठेवलेले होते. मी तिघांच्या नावे नोटीस लिहिली. विषय, संदर्भ, हरकतीची मुदत रविवार सकाळी दहा. अनेकांतला फोटो काढून पाठवली, हंबीररावांना समक्ष दिली आणि रोहिणीची फ्रिजवर चिकटवून बजावली. चिकटवून बजावलेली नोटीस कायद्यानं पोचलेली धरतात.

अनेकांतनं कळवलं, "बाबा, माझं सगळं उडवा, आणि कॉम्प्युटर पण उडवा." त्यातला पहिला भाग मी नोंदवून घेतला. त्याचे कॉलेजातले सिनेमे काढले आणि मोकळी जागा थेट सतरा टक्क्यांवर गेली.

हंबीरराव मात्र रविवारी पावणेदहाला लेखी हरकत घेऊन आले. 'माझे फोटो आहेत त्याच जागी ठेवावेत. बदली जागा मान्य नाही.' खाली सही.

"हंबीरराव, फोटो तेच राहणार," मी सुनावणीत म्हणालो. "फक्त डिस्कवरची जागा बदलेल. तेवढ्याच क्षेत्राची, तेवढ्याच प्रतीची."

"आमच्या वडलांना बी तुमच्या खात्यानं असंच सांगितलंतं. हिरीकडचं तीस गुंठं घेतलं आणि माळावरचं चाळीस दिलं. त्या चाळीस गुंठ्यात कुसळाबिगर काय उगवलं न्हाय."

"तेव्हा मी नोकरीत नव्हतो."

"खातं त्येच हाय की."

मी हरकत फेटाळली. त्यांनी फेटाळल्याची प्रत मागितली, ती मी दिली, आणि ते नाराज होऊन चहा पिऊन गेले. रोहिणीची हरकत आली नाही. ती त्या दिवशी सकाळपासून इचलकरंजीला एका मुलीच्या घरी गेली होती.

इथे थांबलो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं. जागा मोकळी होती, मुदत संपली होती, एक बटण दाबायचं राहिलं होतं. पण एकत्रीकरणात आधी प्रमाणभूत क्षेत्र ठरवतात. त्याहून लहान असेल तो तुकडा, आणि तुकड्यानं वेगळं राहायचं नाही. ही पायरी वगळून काम करणारे लोक खात्यात होते. मी त्यांच्यातला नव्हतो.

कॉम्प्युटरला शोधायला सांगितलं तर तो स्वतःच विचारतो, लहान फाइल पाहिजे का, म्हणजे शंभर केबीच्या आतली. प्रमाणभूत क्षेत्र त्यानंच ठरवून ठेवलेलं पाहून मला बरं वाटलं. हजारो निघाल्या. बहुतेकांची नावं अशी होती की हात लावायचं धाडस झालं नाही. पण फॉन्ट्स नावाच्या एका फोल्डरमध्ये तीनेकशे एकत्र राहत होत्या, सगळ्या लहान लहान, कुणी चाळीस केबी, कुणी साठ.

त्यातली एक उघडली. आत इंग्रजीत एकच वाक्य होतं: एक चपळ तपकिरी कोल्हा एका आळशी कुत्र्यावरून उडी मारतो. दुसरी उघडली. तोच कोल्हा, तोच कुत्रा. तिसरी, चौथी, दहावी, सगळीकडे तेच. अक्षर जरा तिरकं, जरा जाड, एवढाच फरक. एकच मजकूर तीनशे ठिकाणी नोंदवलेला मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. खात्यात याला दुबार नोंद म्हणतात आणि ती करणाऱ्याचा खुलासा मागवतात.

चार-पाच फायली तर याहून वाईट होत्या. त्यात कोल्ह्याच्या जागी मराठी अक्षरं होती, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. 'ज' नंतर नुसता काना, मग रफार, मग अर्धा 'ष'. ही नोंद खराब झाली आहे, असा मी निष्कर्ष काढला. खराब नोंदी आधी काढल्या, मग दुबार. काही फायलींनी जायला नकार दिला, त्या कायम ठेवल्या. मग कचरापेटीही रिकामी केली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही.

सोमवारी सकाळी आठला डिफ्रॅग सुरू केलं. पडद्यावर एक आडवी पट्टी येते. तुकडे लाल दिसतात, सलग क्षेत्र निळं, मोकळं पांढरं. आमच्या पट्टीत इतकं लाल होतं की मला एकदम खात्याच्या हातकणंगल्याच्या ऑफिसातले, एकत्रीकरणाआधीचे नकाशे आठवले. साडेनऊला हंबीरराव आले आणि खुर्ची ओढून समोर बसले.

"ह्यात आमचं कुठलं?"

"तसं सांगता येत नाही."

"हे बगा, मोजणी सुरू झाली आणि धनी कोण ते म्हाईत न्हाय."

ते दिवसभर बसले. एखादी लाल रेघ निळी झाली की "गेलं आमचं" म्हणायचे. साडेदहाला वीज गेली. सोमवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे कोल्हापुरातल्या सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं, पण ते मी विजेच्या बाबतीत लक्षात ठेवलं होतं, कॉम्प्युटरच्या बाबतीत नव्हतं. आमचा यूपीएस चार मिनिटं ओरडतो आणि मग गप्प बसतो. हंबीरराव धावत वर गेले आणि त्यांनी आपल्या इन्व्हर्टरची वायर खिडकीतून खाली सोडली. हरकतदारानंच कामाला वीज पुरवल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव प्रकरण.

तासाभरात शेजारच्या गॅलरीतल्या वर्षाराणी वहिनींनी त्या वायरवर टॉवेल वाळत टाकला. तो वाळल्यावर त्यांनी तो ओढून घेतला आणि त्याबरोबर वायरही ओढली गेली. यूपीएस पुन्हा ओरडला, हंबीरराव पुन्हा धावले. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं दोरी हाय. वायर असल तर पाटी लावायची न्हाय का?" मी पाटी लावली.

चारच्या सुमारास पट्टी निळी झाली. इकडून तिकडे एकसलग. मला इतका आनंद झाला की मी हंबीररावांना मिठी मारली. त्यांनी आधी आपले फोटो उघडून मोजले. एकशे दहा भरले. तरी जाताना म्हणाले, "आज भरल्यात."

मंगळवारी सकाळी मी रोहिणीला बस्तीत जाऊ दिलं नाही. तिला खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं. चाळीस सेकंदांत माळरान आलं. यादीवर क्लिक केलं, ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत उघडली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

तिनं चष्मा लावला. काढला, पुसला, परत लावला.

दोनशे चौदा फोटो होते. फोटोतली मुलं-मुली हसत होती. त्यांच्या समोर डोक्यावर टोपी घातलेले इंग्रजी ए, शेपटीवाले सी आणि उलटी प्रश्नचिन्हं होती. आकडे तेवढे शाबूत होते. जन्मतारीख, उंची, फोन. नाव नव्हतं, गाव नव्हतं, शिक्षण नव्हतं, अपेक्षा नव्हत्या.

"तुम्ही काय केलंत?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "तुला नोटीस दिली होती."

हे वाक्य मी परत घेऊ शकलो असतो तर घेतलं असतं. ती उठली, फ्रिजवरची नोटीस काढून तिनं उभ्यानं वाचली, विषयासकट, संदर्भासकट. मग ती परत चिकटवली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. अकरा वर्षं ती एसटीनं गावोगाव हिंडली होती आणि मी एकदाही बरोबर गेलो नव्हतो. मला लाज वाटली. कुणी वरिष्ठानं झापल्यावर वाटते तसली नाही, त्याहून खोल.

दुकानात जाऊन पिराजीला घरी आणलं. त्यानं दोन मिनिटांत पाहिलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"साहेब, यादी हाय तशी हाय. ती ज्या अक्षरात लिवली ती अक्षरं तुम्ही काढली. त्याबिगर ती वाचता येत न्हाय."

"परत आणता येतील?"

"परवा सांगितलं असतं तर आणली असती. काढलेली फाइल लगीच मरत न्हाय, जाग्यावर पडून असती. पर तुम्ही काल डिफ्रॅग केलं न्हवं? तिच्या जाग्यावर दुसऱ्याला नेऊन बशिवलं. आता हुडकायचं कुटं?"

जिन्यात उभे असलेले हंबीरराव म्हणाले, "मी काय म्हणत होतो?"

ती अक्षरं आमच्या कॉम्प्युटरवर मुळात घालून देणारा छापखानेवाला शोधला. त्यानं छापखाना बंद करून चपलांचं दुकान टाकलं होतं. ती अक्षरं त्यानंच एका मित्राकडून करवून घेतली होती, मित्र आता नव्हता, आणि सीडी भंगारात गेली होती. मी निघताना त्यानं मला चपलेचा नंबर विचारला. अनेकांतकडे यादीची प्रत होती, पण त्याच्याकडे ती पहिल्यापासून अशीच दिसायची. "मला वाटलं आईनं मुद्दाम तसं केलंय, लोकांनी वाचू नये म्हणून," तो म्हणाला. गेल्या वर्षीचं छापील पुस्तक होतं, पण त्यातली बरीच मंडळी एव्हाना संसाराला लागली होती. प्रेसचे गणपतराव फोनवर म्हणाले, "एका दिवसात दोनशे चौदा टाइप करणं जमायचं न्हाय. हातानं सुवाच्य लिहून आणा, तसंच्या तसं छापतो. गुरुवारी दुपारी बारा. त्याच्या फुडं मशीन दुसऱ्याला दिलंय."

मी कपाटातून रेघांचे कागद आणि शाईचं पेन काढलं. खात्यात माझ्या अक्षराला नाव होतं. रोहिणीसमोर टेबलाशी बसलो आणि म्हणालो, "आपण प्रत्येकाला फोन करू या."

"कशाला?" ती म्हणाली. तिनं पहिला फोटो पाहिला. "लिहा. अपूर्वा. वडील औषधांच्या दुकानात, आई शिक्षिका. एमकॉम. जयसिंगपूर. मुलगा कोल्हापूर-सांगलीच्या पलीकडचा नको, कारण आजी आहे आणि ती हिच्याच हातचं जेवते. हे अपेक्षांमध्ये लिहा, आजीचं लिहू नका."

मी लिहिलं. दुसरा फोटो. तिसरा. ती फोटोकडे पाहायची आणि सांगायची. कुणाचा मोठा भाऊ बंगळूरला, कुणाच्या घरी कन्नडच बोलतात, कुणाची नोकरी कायम आहे म्हणतात पण नाही, तेव्हा 'नोकरी' एवढंच लिहा. कुठे अडली तर डोळे मिटायची. "थांबा, यांच्या दारात पेरूचं झाड होतं," म्हणायची, आणि नाव यायचं.

चौतीस वर्षांत मी हजारो गट नंबर लिहिले. आज मला एक सांगता येणार नाही. हे मी तिला बोलून दाखवलं.

"तुम्ही त्यांच्या घरी कधी गेला होता?" ती म्हणाली.

आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवतात. त्या दिवशी सत्त्याण्णवाव्या स्थळाला मी खिडकीबाहेर पाहिलं तर उजेड गेला होता. दुपारपासून भिजवलेली कणीक तशीच झाकलेली होती. रोहिणी म्हणाली, "राहू दे आता. अठ्ठ्याण्णव." रात्री दोघंही न जेवताच उठलो.

बुधवारी रात्री एकशे शहात्तराव्या फोटोशी ती थांबली. टक्कल पडलेला, कोट घातलेला, हसू दाबून धरलेला माणूस.

"वृषभ. हुपरी. चांदीकाम करतो. जन्मसाल खाली आहे बघा."

मी पाहून हिशोब केला. वय चव्वेचाळीस.

"अकरा वर्षं यादीत आहे. समितीची माणसं दर वर्षी म्हणतात, काढून टाका, पान वाया जातं. त्याची आई, रत्नाबाई, मेळाव्याच्या आधी फोन करते. एवढंच विचारते, नाव आहे ना. मी म्हणते, आहे."

रविवारी मी तीनशे फायली लहान म्हणून काढल्या होत्या, आणि त्यातल्या एकीनंही मला काही विचारलं नव्हतं. मी त्याचं नाव जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.

रोहिणीनं वाकून पाहिलं. "सगळ्यांचं सारखं लिहा," ती म्हणाली. मी तो कागद फाडून पुन्हा लिहिला.

गुरुवारी सकाळी साडेदहाला दोनशे चौदावं स्थळ झालं. माझी बोटं शाईनं निळी झाली होती आणि तिचा आवाज बसला होता. शेवटचं पान उरलं होतं, ज्यावर पुस्तक कुणी तयार केलं ते लिहितात. मी लिहिलं: संकलन, सौ. रोहिणी अण्णासो मगदूम. त्यापुढे दर वर्षी 'संगणक साहाय्य' म्हणून माझं नाव असतं, निवृत्त या पदासकट. ते न लिहिता मी तिथेच पेन खाली ठेवलं आणि गाडीची किल्ली शोधायला उठलो.

परत आलो तेव्हा पान भरलेलं होतं. माझ्या ओळीखाली तिनं स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या.

'हस्ताक्षर : यांचे.
चुका : यांच्याच.'

मी कागद मोजून पिशवीत घातले आणि प्रेसला गेलो. गणपतरावांनी एकेक पान चाळलं, अक्षराला मान डोलावली आणि शेवटच्या पानाशी थांबले.

"साहेब, हे बी छापायचं व्हय?"

"छापा," मी म्हणालो.

"किती प्रती?"

"सगळ्या."